परत येणारे रॉकेट : 'पुष्पक'च्या बांधणीतून एक फेरी



आपल्या लिंबायतमध्ये लूम्सच्या खात्यात काम करणाऱ्या कोणालाही विचारा, की ताका उतरला म्हणजे लूम फेकून देतात का? ते हसतील. रिकामा झालेला बीमदेखील पुन्हा भरायला जातो, रिकामी बॉबिन पुन्हा भरली जाते. परंतु उपग्रह सोडताना जगभर अनेक दशके नेमके हेच होत आले. कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेले रॉकेट एकदाच उडते. त्याचे टप्पे एकामागून एक गळून समुद्रात पडतात, वर पोहोचतो तो फक्त उपग्रह, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून नवे रॉकेट बांधायला घ्यायचे.

हे टप्पे परत आणता आले तर? या एका प्रश्नापायी भारतीय अवकाश संशोधन संस्थेने, म्हणजे आपल्या इस्रोने, पंख असलेले एक प्रायोगिक यान बांधले. त्याचे अधिकृत नाव आर.एल.व्ही.-टी.डी., म्हणजे पुन्हा वापरता येणाऱ्या प्रक्षेपकाचे तंत्र पडताळून पाहणारे यान. पुढे २०२४ साली त्याला 'पुष्पक' हे नाव मिळाले. या यानाबद्दल वरच्या वर्गांतून आमच्याकडे इतके प्रश्न आले, की या अंकात त्याच्या बांधणीचीच एक फेरी मारायची असे आम्ही विज्ञान शिक्षकांनी ठरवले. जिथे हे यान जोडले जाते तिथे शाळांच्या सहली जात नाहीत. तेव्हा ही फेरी इस्रोने वेळोवेळी प्रसिद्ध केलेल्या माहितीच्या आधारे केलेली, कागदावरची आहे. नाकापासून निघू आणि शेपटीपर्यंत जाऊ.

यान बांधले गेले तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात. ही जागा थुंबा या मच्छीमार वस्तीला लागून आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारताच्या भूमीवरून पहिले रॉकेट उडाले ते येथूनच. त्या वेळी तेथील चर्चची इमारत हेच कार्यालय होते, आणि सायकलवरून रॉकेटचा भाग नेतानाचे त्या काळातील छायाचित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याच केंद्रात पन्नास वर्षांनंतर सुमारे ६०० अभियंते पाच वर्षे या पंखवाल्या यानावर काम करीत होते. खर्च आला सुमारे ९५ कोटी रुपये. यान मात्र डोळ्यांत भरावे एवढे मोठे नाही. लांबी साडेसहा मीटर, म्हणजे साधारण आपल्या एका वर्गखोलीएवढी, आणि वजन पावणेदोन टन.

आता नाकाजवळ या. परतीच्या वाटेवर सर्वांत जास्त तापते ते नाक. पुष्कळांना वाटते की हवेच्या घर्षणाने यान तापते. ते अर्धेच खरे आहे. यान इतक्या वेगाने येते की पुढच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती नाकापुढे दाबली जाते आणि दाबली गेल्यामुळे तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, त्याचेच हे प्रचंड रूप.

हे नाक ज्या पदार्थाचे करतात त्याला कार्बन-कार्बन म्हणतात. सुरतच्या मुलांना तो पदार्थ चटकन समजेल, कारण त्याची सुरुवात धाग्यापासून होते. कार्बनच्या बारीक तंतूंचे कापड घ्यायचे, त्याचे थर एकावर एक रचून हवा तो आकार द्यायचा, त्यात राळेसारखा पदार्थ मुरवायचा आणि हवा लागू न देता भट्टीत भाजायचे. राळेतील बाकी सारे उडून जाते, मागे उरतो फक्त कार्बन. मध्ये बारीक पोकळ्या राहतात म्हणून पुन्हा राळ, पुन्हा भट्टी, असे अनेकदा करावे लागते. शेवटी हाती येते ते म्हणजे कोळसा झालेले, पण पोलादाला हार न जाणारे कापड. गंमत अशी, की पोलाद तापले की मऊ पडते, हा पदार्थ मात्र तापल्यावरही आपली ताकद सोडत नाही. त्याला वैरी एकच, हवेतील प्राणवायू. तापलेला कार्बन हवेत जळतो. म्हणून वरून सिलिकॉन कार्बाइडचा लेप देतात.

नाकाकडून खाली वाका आणि पोटाकडे पाहा. पोटाला फरशा लावल्या आहेत! खरोखरच फरशा, सुमारे ६००. त्या सिलिकाच्या, म्हणजे वाळू ज्या द्रव्याची असते त्याच द्रव्याच्या अतिशय बारीक तंतूंच्या असतात. फरशीत द्रव्य थोडे आणि पोकळी जास्त, त्यामुळे ती हातात घेतली तर थर्माकोलसारखी हलकी लागते. पोकळीतली हवा उष्णता आत जाऊ देत नाही. फरशीची बाहेरची बाजू लालबुंद झाली तरी आतला धातूचा सांगाडा सुरक्षित राहतो.

मग एकच मोठे पत्र्यासारखे आवरण का घालत नाहीत? कारण सांगाडा तापला की थोडा पसरतो, वाकतो. अखंड ठिसूळ आवरण त्यासरशी तडकेल. लहान लहान फरशा आणि त्यांच्यामध्ये मोजून सोडलेली फट, अशी रचना केली तर सांगाड्याला हलायला वाव राहतो. फट जास्त झाली तर तापलेली हवा आत शिरते, कमी झाली तर फरशा एकमेकींवर घासून फुटतात. आणि यानाचे पोट काही घराच्या ओट्यासारखे सपाट नसते, त्यामुळे प्रत्येक फरशीचा आकार तिच्या जागेप्रमाणे. ही जुळवणी माणसांच्या हातांनी होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

पंखांचा आकार दुहेरी त्रिकोणी आहे. पुढे निमुळता, मागे रुंद. मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या आहेत. दोन्ही एकदम वर-खाली केल्या की नाक वर-खाली होते, एक वर आणि एक खाली केली की यान कुशीवर वळते. शेपटीवर दोन उभे पंख आहेत, त्यांच्या पट्ट्यांनी यान डावी-उजवीकडे वळते. वैमानिक नाही. हे सर्व आतला संगणक करतो, आणि तेही हवा अगदी विरळ असताना, मग ध्वनीपेक्षा पाचपट वेगात, मग संथ वेगात, अशा निरनिराळ्या परिस्थितींत. या यानाचा आकार पक्का करण्यासाठी वातविवरात सुमारे १२० तास चाचण्या झाल्या आणि संगणकावर हवेच्या प्रवाहाचे गणित ५००० तास चालले.

आता शेपटीच्या मागे उभे असलेले रॉकेट पाहू. यानाला स्वतःला वर जाता येत नाही, त्याला ढकलून नेणारा बूस्टर लागतो. या बूस्टरचे नाव एच.एस.९, त्यात घन इंधन सुमारे ९ टन. त्याचे कूळ जुने आहे. १८ जुलै १९८० रोजी ज्या एस.एल.व्ही.-३ रॉकेटने 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेला, त्याच्या पहिल्या टप्प्याचा हा वंशज. भारतात घन इंधनाची विद्या रुजवणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते, आणि १९७९ पासून १९८५ पर्यंत तेच या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक होते. पुढे ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मोसमी पावसाच्या अंदाजाचे त्यांचे काम पालकांना आठवत असेल, रॉकेटच्या इंधनातले काम मात्र फारसे कोणी सांगत नाही.

बूस्टर जुन्या घराण्यातला असला तरी त्यात एक मोठा बदल करावा लागला. नेहमीचे रॉकेट गुळगुळीत खांबासारखे असते. याच्या तर टोकावर पंख! उत्तरायणला पतंग उडवणाऱ्या मुलांना हे लगेच कळेल. पतंगाला शेपूट खाली लावतात, वर लावून पाहा काय होते ते. बाणाला पिसे मागे असतात. इथे पिसेच पुढे आली, म्हणजे जरा वारा बाजूने लागला की सगळे उलटे फिरणार. म्हणून बूस्टरच्या बुडाशीही मोठे पंख बसवले, आणि इंधन मुद्दाम सावकाश जळणारे केले. खाली हवा दाट असते, तिथेच फार वेग घेतला तर पंख मोडतील. हा बूस्टर जवळजवळ ९१ सेकंद जळला.

ते उड्डाण झाले २३ मे २०१६ रोजी सकाळी ७ वाजता, श्रीहरिकोटा येथून. ५६ किलोमीटर उंचीवर यान बूस्टरपासून सुटले, आणखी वर चढून सुमारे ६५ किलोमीटरपर्यंत पोहोचले आणि ध्वनीच्या पाचपट वेगाने खाली येऊ लागले. संगणकाने त्याला सांभाळत, वळवत, श्रीहरिकोटापासून सुमारे ४५० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात ठरलेल्या जागी आणले. सुटल्यापासून ७७० सेकंदांत, म्हणजे तेरा मिनिटांच्या आत खेळ आटोपला. यान पाण्यात उतरले आणि तिथेच राहिले.

इथे नववीच्या वर्गात एका मुलाने आम्हाला अडवले. "सर, पुन्हा वापरायचे म्हणून बांधले आणि समुद्रात बुडवले, मग उपयोग काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर असे, की हे यान पाण्यात उतरवायचे हे आधीच ठरले होते. त्या दिवशी विचारायचा प्रश्न एकच होता : इतक्या वेगात आणि इतक्या उष्णतेत पंख, फरशा आणि संगणक आपापले काम करतात का? धावपट्टीवर उतरता येते का, हा वेगळा प्रश्न. दोन्ही प्रश्न एकाच दिवशी विचारले आणि यान फुटले, तर कोणत्या कारणाने फुटले हे कळत नाही. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो ना? ९५ कोटींच्या प्रयोगालाही तोच नियम.

उतरण्याचा प्रश्न विचारायला मात्र सात वर्षे गेली. जागा कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे. २ एप्रिल २०२३ रोजी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी वायुदलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने यान उचलले, साडेचार किलोमीटर उंचीवर नेले आणि धावपट्टीपासून सुमारे साडेचार किलोमीटर अंतरावर सोडून दिले. तिथून पुढे यानाचे नशीब त्याच्या संगणकाच्या हाती. या यानाला उतरताना इंजिन नसते. प्रवासी विमानाचे उतरणे जमले नाही तर ते पुन्हा वर जाऊन घिरटी घालून येते. याला दुसरी संधी नाही.

पंख लहान आणि यान जड, म्हणून ते तरंगत येत नाही, जवळजवळ कोसळतच येते आणि शेवटच्या क्षणी नाक वर करते. चाके टेकताना वेग ताशी ३२० किलोमीटरपेक्षा जास्त असतो. प्रवासी विमान साधारण २६० ने टेकते. आपल्या सुरतजवळ अंत्रोलीला स्थानक असलेल्या बुलेट ट्रेनचा नियोजित वेगही ताशी ३२० किलोमीटरच आहे. त्या वेगात आकाशातून येऊन डांबरावर टेकायचे! टेकताच मागून पॅराशूट उघडते, वेग १०० च्या आसपास येतो, आणि मग चाकांचे ब्रेक लागतात.

धावपट्टी नेमकी कुठे आहे हे यानाला कसे समजते? उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांनी जागा कळते, पण या कामाला लागते तेवढी अचूक नाही. म्हणून धावपट्टीच्या परिसरात जमिनीवरच उपग्रहासारखे संकेत देणारी यंत्रे बसवली, आणि जमीन किती खाली आहे हे रडारने मोजले.

दुसरी चाचणी २२ मार्च २०२४ ला झाली. त्या वेळी यान धावपट्टीच्या रेषेपासून १५० मीटर बाजूला सोडले. तिसरी २३ जून २०२४ ला, जोराच्या वाऱ्यात आणि ५०० मीटर बाजूला. दोन्ही वेळा यान स्वतःच वळून धावपट्टीच्या मध्यरेषेवर आले. आमच्या मते तिसऱ्या चाचणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वर्तमानपत्रांत एका ओळीत उरकली गेली. ती अशी, की मार्चमध्ये उतरलेले यानाचे पंखांसह शरीर आणि उड्डाणाची यंत्रणा जूनमध्ये काही बदल न करता पुन्हा वापरली गेली. नववीच्या त्या मुलाला हे उत्तर आम्ही आता देऊ शकतो.

अर्थात, 'भारताचे स्पेस शटल तयार' असे मथळे वाचून फुशारून जाऊ नये. १०० किलोमीटरच्या वर अवकाश मानले जाते, हे यान ६५ पर्यंतच गेले आहे. कक्षेत फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास असतो, २०१६ च्या उड्डाणातील वेगाच्या सुमारे पाचपट. दहावीच्या मुलांनी गतिज ऊर्जेचे सूत्र आठवावे. वेग पाचपट तर ऊर्जा पंचवीसपट, आणि ती सगळी परतताना उष्णता होऊन बाहेर पडते. पुढचे यान आताच्या सुमारे १.६ पट मोठे, खरोखर कक्षेत जाऊन परतणारे, असे योजले आहे. त्याशिवाय ज्याचा पहिला टप्पा परत आणता येईल अशा मोठ्या नव्या रॉकेटला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये ८२४० कोटी रुपये मंजूर केले.

परत आले म्हणजे स्वस्त झाले, असेही नाही. अमेरिकेच्या स्पेस शटलने १९८१ ते २०११ या काळात १३५ उड्डाणे केली. पण प्रत्येक फेरीनंतर त्याच्या वीस हजारांहून जास्त फरशा तपासायच्या, इंजिने उतरवून पाहायची, यात महिने जात आणि पैसा पाण्यासारखा जाई. १ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया'त आपली कल्पना चावला गेली. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला होता आणि तिथल्या कार्बन-कार्बनच्या आवरणाला भोक पडले होते. याउलट फाल्कन ९ या खासगी अमेरिकी रॉकेटचा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये प्रथम उभाच्या उभा जमिनीवर उतरला, आणि २०२५ पर्यंत त्यांच्या एका बूस्टरने तीस उड्डाणे पुरी केली.

उभे उतरण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. १९९३ साली अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात 'डी.सी.-एक्स' नावाचे बारा मीटर उंचीचे रॉकेट थोडे वर जाऊन, बाजूला सरकून, पुन्हा चार पायांवर उतरले. तीन वर्षे ते छान उडत राहिले. ३१ जुलै १९९६ रोजी मात्र चारपैकी एक पाय उघडलाच नाही. रॉकेट आडवे झाले, टाकी फुटली आणि सगळे जळून गेले. चौकशीत निघाले काय? उड्डाणापूर्वी त्या पायाची एक नळी जोडायची राहून गेली होती. गणित बरोबर, संगणक बरोबर, इंजिन बरोबर. नळी राहिली.

म्हणूनच फरशा जुळवणाऱ्या हातांकडे परत येतो. रॉकेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फक्त शास्त्रज्ञ येतात. पण विक्रम साराभाई केंद्रात फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक अशा जागांसाठी दहावी उत्तीर्ण आणि त्या विषयाचे आय.टी.आय. प्रमाणपत्र असलेल्यांना अर्ज करता येतो. मुलींनाही. डिप्लोमा झालेल्यांसाठी तांत्रिक सहायकाच्या जागा निघतात. शास्त्रज्ञ व्हायचे असेल तर तिरुवनंतपुरमलाच २००७ साली स्थापन झालेली अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे, तिच्या बी.टेक.चा प्रवेश जे.ई.ई. अॅडव्हान्सच्या गुणांवर होतो. शिवाय सगळे काम केरळातच होते असे नाही. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरला, जिथे साखर कारखान्यांची यंत्रे बनतात, तिथे इस्रोच्या रॉकेटांच्या मोटारींची आवरणेही बनतात. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात 'विकास' इंजिन तयार होते.

पालकांना हे सांगण्याचे कारण उघड आहे. दहावीचा पेपर संपला की दुसऱ्या दिवशी मुलगा एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर किंवा साडीच्या दुकानात जातो, हे आपल्या वस्तीत आम्ही दरवर्षी पाहतो. घरची गरज आम्हाला समजते, तिच्याविषयी उपदेश करण्याचा आम्हाला अधिकार नाही. परंतु लूमचा तुटलेला धागा अंधुक उजेडात क्षणात हेरणारी, बोटांनी अचूक गाठ मारणारी मुले या वर्गांत बसली आहेत. त्या बोटांना दोन वर्षांचे आय.टी.आय. मिळाले तर ती कुठे पोहोचू शकतात, याची माहिती निर्णय घेण्याआधी घरी असावी, एवढेच. फॉर्म भरण्याच्या वेळी विज्ञान विभागाकडे या. तारखा आणि कागदपत्रे आम्ही पाहून देऊ.

विश्वस्त मंडळापुढे एक विनंतीही ठेवली आहे. तिरुवनंतपुरम दूर पडते, पण अहमदाबादला इस्रोच्या केंद्रात विक्रम साराभाई अवकाश प्रदर्शन आहे. आगाऊ पत्र दिले तर शाळांना पाहता येते. सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परतता येईल. सहल ठरल्यास जाणाऱ्या प्रत्येकाने किमान एक प्रश्न लिहून आणावा, ही आमची अट.

पहिला प्रश्न आलाच आहे, सातवीतील एका मुलीचा : "फरशा पोकळ असतात, मग पावसात भिजल्या तर?" मुली, अगदी नेमके विचारलेस. भिजतात, आणि पाण्याने जड होतात. वर गेल्यावर ते पाणी गोठून फरशी तडकूही शकते. म्हणून शटलच्या प्रत्येक फेरीनंतर फरशांमध्ये पाणी न धरू देणारे रसायन सुईने टोचून भरावे लागे. एका फरशीला एक सुई, आणि फरशा वीस हजारांवर.